टाकलेलं काम

अण्णा रोज दुपारी दोनला होडी सोडत आणि चारला परत येत. या दोन तासांत ते खिडकीजवळच्या खुर्चीतून एकदाही उठत नसत.

उठणं त्यांच्या हातात फारसं नव्हतंही. कुरुंदवाडच्या घाटावर बत्तीस वर्षं कृष्णेची पातळी मोजणारे ईश्वरा आंबी तीन वर्षांपूर्वी एका सकाळी दात घासता घासता कोसळले. मेंदूतली रक्तवाहिनी तुंबली होती. उजवा हात, उजवा पाय आणि निम्मी जीभ गेली. ज्या माणसाने महापुरातही पातळीची एक नोंद चुकवली नाही, त्याला न्हाणीपर्यंत न्यायला धाकटा मुलगा उत्तम लागू लागला. मग मिरजेला नेऊन त्यांच्या डोक्यात दाणा बसवला.

दाणा हे लोकांनी ठेवलेलं नाव. खरं नाव खोक्यावर छापलेलं असे आणि ते कुणाच्या तोंडात बसत नसे. ज्वारीच्या दाण्याएवढा तो प्रोसेसर मेंदूच्या मेलेल्या भागाचं काम करायचा. पाऊल उचलायचं मनात आलं की शेजारच्या जिवंत पेशींमध्ये जी चुळबुळ होते ती ओळखायची आणि पायाला निरोप धाडायचा. शब्द सुचला की जिभेला. त्याची बॅटरी गळ्याखालच्या हाडाजवळ कातडीत शिवलेली. ती संपली की पुन्हा भूल, पुन्हा टाके. अण्णांचं हृदय बघून डॉक्टरांनी तेव्हाच सांगितलं होतं, हे दुसऱ्यांदा करता येईलच असं धरून चालू नका.

दाण्यामुळे अण्णा बोलू लागले. एका बाजूला काठी आणि एका बाजूला उत्तम असे चार पावलं चालूही लागले. आणि होडीही तेव्हापासूनच सुटू लागली.

थोरली मुलगी वर्षाराणी दर रविवारी कोल्हापुरातून यायची. चार वाजता तिला होडीची हकीकत ऐकायला मिळे.

"आज पानी निवळ हुतं," अण्णा डोळे उघडत सांगायचे. "तळाचं दगड दिसत हुतं. तुझी आई म्होरं बसली हुती, वांग्याची पाटी घिऊन. सगळी वांगी गेली, पर दोन परत आनली तिनं. म्हनली, गिऱ्हाईक लई ताठ्यात हुतं."

मालन आंबी जाऊन नऊ वर्षं झाली होती. जिवंतपणीही ती पहिल्या बोलीला कुणाला वांगं देत नसे.

"अण्णा, आई गेली हे तुम्हाला…" वर्षाराणीने पहिल्या वेळी घाबरत घाबरत विचारलं होतं.

"मला ठावं न्हाई व्हय? मीच न्हवं का खांदा दिला? होडीबी इकून वीस वर्सं झाली." अण्णा हसले होते. "पर सुटती, राणी. हात आपसूक वल्ह्यावर जातो, त्याला मी काय करू? सपान न्हवं त्ये. सपनात पानी गार लागत न्हाई."

हे ऐकताना वर्षाराणीला आतून बरं वाटे. आईची खबर देणारं आता जगात दुसरं कुणी उरलं नव्हतं. आज आई काय म्हणाली, हसली का, कुठलं लुगडं नेसली होती, असं ती हळूहळू विचारू लागली आणि रविवारची वाट पाहू लागली.

या होडीला शास्त्रात काय म्हणतात ते तिला ठाऊक होतं. तोच तर तिचा धंदा होता. कोल्हापुरातल्या तिच्या कंपनीत दाणा बनत नसे. दाणा आत काय करतो ते पाहणारं 'निरख' नावाचं सॉफ्टवेअर तिथे बनायचं आणि त्याचं मॅन्युअल वर्षाराणी लिहायची.

मॅन्युअल कुणी वाचत नाही हे जगजाहीर आहे. यंत्र बंद पडलं की माणूस आधी त्याला दोन थापट्या मारतो, मग शेजाऱ्याला बोलावतो, आणि मॅन्युअल कपाटात तळाला कागद म्हणून घालतो. त्यामुळे मॅन्युअल लिहिणं हे वर्षानुवर्षं निरुपद्रवी काम होतं. पण अलीकडे ती वाचणारं कुणीतरी निघालं होतं. त्याचं नाव जुळारी. हा प्रोग्रॅम निरखचं मॅन्युअल पहिल्या ओळीपासून शेवटच्या ओळीपर्यंत मन लावून वाचायचा आणि त्यात जसं लिहिलं असेल तसा एकेक दाणा, माणूस झोपेत असताना, आपला आपण जुळवून ठेवायचा. एवढा आज्ञाधारक वाचक कुठल्याही लेखकाला मिळाला नसेल.

निरखचं मोजणं तसं सोपं होतं. प्रोसेसर ठोक्यांवर चालतो, सेकंदाला कोट्यवधी ठोके. प्रत्येक ठोका कशात गेला ते निरख सांगे: काम पुरं करण्यात, कशासाठी तरी अडून राहण्यात, नुसतं रिकामं बसण्यात, की टाकलेल्या कामात. या चौथ्या प्रकाराचा अर्थ समजावताना वर्षाराणीने मॅन्युअलमध्ये चहाची टपरी आणली होती. रोज आठला कोपऱ्यावर गुरुजी दिसले की टपरीवाला न विचारता बिनसाखरेचा चहा ठेवतो. गुरुजी बाकड्यावर टेकतात तोवर कप हातात. पण एखाद्या दिवशी गुरुजी न थांबता पुढे गेले की तो चहा मोरीत. दाण्यालाही असाच अंदाज बांधावा लागतो. माणसाचा विचार पक्का होईपर्यंत तो थांबला तर पाऊल उशिरा पडेल आणि माणूस तोंडावर आपटेल. म्हणून तो चार-पाच शक्यतांची तयारी आधीच सुरू करतो. एक खरी ठरते, बाकीच्या टाकून देतो. ज्या निरोपांची तयारी झाली पण जे हातापायांपर्यंत कधी पोचलेच नाहीत, त्यांच्यावर खर्ची पडलेले ठोके म्हणजे टाकलेलं काम.

बहुतेक रुग्णांमध्ये ते पंधरा-वीस टक्के असे. अण्णांचं दुपारी अठ्ठावन्नवर जायचं. वल्हं ओढायची तयारी, वाकून पाटी धरायची तयारी, मालनला उत्तर द्यायची तयारी. त्यातलं काहीच खुर्चीबाहेर येत नसे, पण तयारी झाल्याची जाणीव मेंदूत उरे. गार पाणी हाताला लागे ते असं.

मॅन्युअलमध्ये प्रत्येक मापापुढे चार रकाने होते: नाव, अर्थ, कसं काढतात, आणि शेवटचा 'दिशा'. दिशेच्या रकान्यात दोनच गोष्टी लिहिता येत. जास्त तितकं चांगलं, किंवा कमी तितकं चांगलं. रकाना रिकामा ठेवला तर जुळारी अख्खं मॅन्युअल परत पाठवी.

दाण्यांसाठीची नवी आवृत्ती शुक्रवारी संध्याकाळपर्यंत हवी होती. त्रेचाळीस मापं होती. विभागप्रमुख इर्शाद मुल्ला दर तासाने दारातून डोकावून "वर्षाताई, कुठवर?" असं विचारून जात होता. या धंद्यातल्या माणसांना एक खोड असते. जुनं मॅन्युअल उघडायचं आणि चालतंय तेवढं उचलायचं. वर्षाराणीनेही मोठाल्या संगणकांसाठी दहा वर्षांपूर्वी लिहिलेलं मॅन्युअल उघडलं आणि पस्तीस मापांचे दिशेचे रकाने जसेच्या तसे उचलून डकवले. त्यात एकतिसाव्या ओळीत होतं: टाकलेलं काम, कमी तितकं चांगलं. बँकेच्या संगणकाला ते शंभर टक्के लागू होतं. चहा गार व्हायच्या आत तिचं काम संपलं.

मंगळवारी सकाळी उत्तमचा फोन आला. तो पाण्याच्या मोटारी रिवाइंड करण्याचं दुकान चालवायचा आणि एरवी फोनवर दोन वाक्यांच्या वर बोलत नसे.

"अक्का, अण्णा चालायलेत!"

"म्हणजे?"

"म्हणजे चालायलेत! काठी न्हाई, मी न्हाई. सकाळी उठलं, तोंड धुतलं, चप्पल घातली आनि देवळापर्यंत जाऊन आलं. मी मागनं पळतोय. आज तीन वर्सांनी मी बसून च्या प्यालो बघ."

वर्षाराणीने ऑफिसात पेढे वाटले.

रविवारी ती घरी गेली तेव्हा अण्णा दारातच उभे होते. दाढी केलेली, सदऱ्याची बटणं स्वतः लावलेली. त्यांनी तिची पिशवी घेतली, प्रवास कसा झाला विचारलं, उत्तर ऐकलं आणि आत गेले. जेवताना घास सांडला नाही. दोन वाजले. ते खुर्चीत बसले, पाच मिनिटांनी उठले आणि तांदूळ निवडायला बसले.

"अण्णा, आज होडी नाही?"

"कसली होडी? होडी इकून वीस वर्सं झाली की."

बोलण्यात काही वावगं नव्हतं. तिनेच विषय बदलला. "घाटावर जायचं का? आता चालता येतंय तर?"

तीन वर्षं अण्णा या एका गोष्टीसाठी झुरले होते. खऱ्या घाटावर, खऱ्या पाण्याकाठी एकदा बसायचं, असं ते प्रत्येक सणाला म्हणायचे. बापलेक चालत गेले. वाटेत दोघांनी रामराम घातला, अण्णांनी नेमकं उत्तर दिलं. घाटाच्या पायऱ्या ते न थांबता उतरले. ऊन पाण्यावर पसरलं होतं, पलीकडून घंटेचा आवाज येत होता, कुणीतरी म्हैस धूत होतं. अण्णांनी दगडात बसवलेल्या मोजपट्टीकडे पाहिलं.

"सोळा फूट चार इंच," ते म्हणाले. "चल."

आणि ते वळून पायऱ्या चढू लागले. वर्षाराणी तिथेच उभी राहिली. जो माणूस आकडा लिहून झाल्यावर तासभर नुसता पाण्याकडे बघत बसायचा आणि त्यापायी आईच्या शिव्या खायचा, तो पंधरा सेकंदात नदी वाचून मोकळा झाला होता.

सोमवारी तिने निरख उघडून अण्णांचा दाणा पाहिला. तिला तशी परवानगी होती. टाकलेल्या कामाची रेघ तीन वर्षं रोज दुपारी डोंगरासारखी चढत होती. गेल्या सोमवारनंतर ती चार टक्क्यांवर सपाट झाली होती. बदलाचं कारण जुळारीने प्रामाणिकपणे नोंदवलं होतं: मॅन्युअल, ओळ एकतीस. ती ओळ वर्षाराणीने तीनदा वाचली. आईला नदीत बुडवायला तिने तीन शब्द वापरले होते आणि तेही जुने.

इर्शादने तिचं सगळं ऐकून घेतलं. तो वाईट माणूस नव्हता. त्याने ड्रॉवरमधून पत्रांचा गठ्ठा काढून तिच्यापुढे ठेवला.

"अकरा हजार माणसं आहेत, ताई. ही त्यांच्या घरच्यांची पत्रं. कुणी जिना चढलं, कुणी नातवाला उचललं. फाजील अंदाज बंद झाले, ती ताकद पायांना मिळाली. उरलेली बॅटरी आधी अडीच वर्षं पुरणार होती, आता सहा. तुमच्या अण्णांना अडीच म्हणजे किती, ते मी सांगायला नको."

"ते समजतंय मला. पण त्यांची होडी गेली."

"होडी कुठल्या मापात बसते?" त्याने खरोखरच विचारलं. त्यात टोमणा नव्हता. "तुम्ही सांगा, आपण मोजू."



उत्तमने मात्र तिला बोलायची संधीही दिली नाही. पुढच्या रविवारी अंगणात तिने नुसता विषय काढला आणि तो हातातली बादली आपटून उभा राहिला.

"अक्का, तुझी होडी रविवारची. सोमवार ते शनिवार माझं हाय. रोज दोन येळा उचलून न्हेलंय मी त्यास्नी न्हाणीत. माझ्या कमरंचा फोटो काढला तवा डॉक्टर म्हनला, काय हमाली करतोस काय? तू येतीस, चारला गोष्ट ऐकतीस, डोळं पुसतीस आनि साडेपाचची एसटी धरतीस. आता अण्णा सोता अंघोळ करत्यात, अन् तुला तेबी खुपतंय?"

एक शब्दही खोटा नव्हता. वर्षाराणी आत गेली आणि अण्णांपुढे बसली. जे करायला हवं होतं ते तिने सगळ्यांत शेवटी केलं. त्यांना सांगितलं. दाणा, अंदाज, टपरीवरचा चहा, बॅटरी, अडीच आणि सहा, सगळं. आपण कुठे काय लिहिलं तेही सांगितलं.

अण्णांनी लक्ष देऊन ऐकलं. "म्हंजी आकड्याम्होरं तू लिवलंस, कमी त्येवढं चांगलं?"

"हो."

"बत्तीस वर्सं मी आकडं लिवलं, राणी. त्या वहीत असला रकाना न्हवता." ते सरळ, कोरडं बोलत होते, हल्ली सगळंच बोलत तसं. "पानी चढलं तर वरच्या मळ्याला बरं, खालच्या गल्लीला वंगाळ. चांगलं का वंगाळ त्ये ज्याच्या दारात पानी त्यानं सांगायचं. पट्टीनं न्हाई. मला इचारलं न्हाईस तू."

"आता विचारते. होडी परत हवी का तुम्हाला?"

"मला आठवत न्हाई, ती कशी हुती. बगितल्याबिगर कसं सांगू?"

एवढंच उत्तर घेऊन ती एसटीत बसली. कोल्हापूर येईपर्यंत तिच्या डोक्यात ओळ तयार झाली होती.

दिशेच्या रकान्यात तिसरं काही लिहिता येत नाही, असं इर्शाद म्हणाला. जुळारीला दिशा लागते. वर्षाराणी म्हणाली, मग दिशाच देऊ. आणि तिने एकतिसाव्या ओळीत लिहिलं: 'टाकलेलं काम. दिशा: ज्याच्या डोक्यात दाणा आहे त्याला विचारा. आधी त्याला दोन्ही प्रकार पुरा एकेक दिवस जगू द्या, बॅटरीचं खरं सांगा आणि मग विचारा. उत्तर कसंही देऊ द्या. उत्तर येईपर्यंत थांबा.' अर्थाच्या रकान्यातली टपरीही तिने थोडी वाढवली. तो चहा मोरीतच जातो असं नाही, कधी टपरीवाला स्वतः पितो.

इर्शादने दोन दिवस ते मॅन्युअल टेबलावर ठेवलं. तिसऱ्या दिवशी त्याने ते पुढे धाडलं. जुळारीने नेहमीसारखं पहिल्या ओळीपासून वाचलं, आणि एकतिसाव्या ओळीवरही त्याने हरकत घेतली नाही.

उत्तरं येऊ लागली. बार्शीच्या एका बाई म्हणाल्या, आताचंच ठेव बाबा, पहिल्यांदा डोकं शांत झालंय. अकोल्याचे एक मास्तर म्हणाले, खुर्चीत बसल्या बसल्या शिकवायचो ते चार वर्ग परत दे, पाय नको. कुणी रागावलं, कुणी तीन दिवस विचार केला. इर्शाद जेवणाच्या सुट्टीत ती वाचत बसे आणि त्याचा डबा तसाच राही.

अण्णांची पाळी गुरुवारी आली. वर्षाराणी रजा काढून आदल्या संध्याकाळीच घरी गेली होती. सकाळी अण्णा उठायला गेले आणि पलंगावरच एका कुशीला कलंडले. उत्तमने त्यांना उचललं, न्हाणीत नेलं, अंघोळ घातली, जेऊ घातलं, खुर्चीत आणून बसवलं. पावणेदोनला खिडकीतल्या फोनमधून जुळारी बोलला.

"ईश्वरा आंबी, आज दाणा आधीसारखा आहे. असा ठेवला तर बॅटरी अडीच वर्षं, कालच्यासारखा ठेवला तर सहा. पुढे कसा ठेवू?"

अण्णांनी खिडकीबाहेर पाहिलं. जीभ थोडी जड होती.

"मालनला… इचारून सांगतो," ते म्हणाले.

"ठीक आहे. थांबतो," जुळारी म्हणाला.

दोन वाजले. वर्षाराणीच्या मांडीवरच्या पडद्यावर आकडा हलला. अकरा. तीस. अठ्ठावन्न. त्रेसष्ट. अण्णांच्या उजव्या हाताची बोटं हळूच वळली, जणू काही जाडसर धरलं. खांदा किंचित मागे गेला, पुढे आला. चेहऱ्यावर पाण्याचा उजेड पडावा तसं काहीतरी पसरलं आणि तिथेच राहिलं.

दारात उत्तम उभा होता, खांद्यावर ओला टॉवेल घेऊन. दोन ते चार ही त्याची दोन घास खायची आणि अण्णांचे कपडे वाळत घालायची वेळ. मग तो दुकानाकडे पळायचा. बापाला होडीत बसलेलं त्याने कधी नीट पाहिलंच नव्हतं. आज तो टॉवेल न पिळता उभाच राहिला. एकदा अण्णा हसले, आणि कुणाला तरी ऐकू यावं म्हणून मान पुढे केली. उत्तमने बहिणीकडे पाहिलं.

"आई हाय?" त्याने अगदी हळू विचारलं.

वर्षाराणीने होकाराची मान डोलावली. टॉवेलमधलं पाणी थेंब थेंब फरशीवर पडत होतं.

चारला अण्णांनी डोळे उघडले. दोघांकडे आळीपाळीने पाहिलं आणि घसा खाकरला.

"न्हाई म्हनली," ते म्हणाले. "रोज यायचं न्हाई म्हनली. पोराची कंबर मोडंल. चालतं व्हा, म्हनली, मला काय घाई न्हाई."

वर्षाराणीच्या डोळ्यांतून पाणी येऊ लागलं, तिने ते येऊ दिलं.

"मी बी सोडतोय व्हय? मी म्हनलं, म्हैन्यातनं चार येळा. तिनं तोंड फिरवलं. मी म्हनलं, दोन. तरीबी न्हाई." अण्णांच्या ओठाच्या डाव्या कोपऱ्यात हसू होतं. "शेवटाला म्हनली, आमुशाला या. आमुशाला कोन बैलाला जू लावत न्हाई, तुमालाबी सुट्टी. ऐकलंस का रं, फोनमधल्या?"

"ऐकलं," जुळारी म्हणाला. "अमावास्येचा दिवस आधीसारखा, बाकीचे कालच्यासारखे. बॅटरी पाच वर्षं नऊ महिने चालेल. मान्य आहे?"

अण्णांनी बोटांवर काहीतरी मोजलं. "तीन म्हैनं गेलं म्हना की. जाऊ दे. मालनसंगं आजवर इतक्या सस्तात कुनाचं सुटलं न्हाई."

उत्तम वळला आणि अंगणात जाऊन तो एक टॉवेल किती तरी वेळ पिळत राहिला.

अमावास्या मंगळवारी होती. वर्षाराणी पोचली तेव्हा दीड वाजला होता आणि घरात अनोळखी शांतता होती. बाजारपेठेतून येताना तिने उत्तमचं दुकान बंद पाहिलं होतं. अण्णा खुर्चीत होते, आंघोळ झालेली, केस नीट विंचरलेले. खिडकी पुरी उघडलेली. उत्तमने त्यांच्या उजव्या हाताखाली उशी सारली, ती दोनदा नीट केली आणि मग तिथेच घुटमळला.

घड्याळात दोन वाजले. अण्णांच्या पापण्या जड झाल्या, बोटं वळू लागली.

"अण्णा," उत्तम म्हणाला. अडतीस वर्षांचा, दोन माणसांचं वजन एकटा पेलणारा तो गडी, पण त्याचा आवाज शाळेतल्या पोरासारखा आला. "जागा हाय का वो मला?"

अण्णांनी डोळे उघडले नाहीत.

"ये की. मधी बस. आनि हलू नगंस, तुझी आई घाबरती."

उत्तम खुर्चीच्या पायाशी मांडी घालून बसला, आणि चार वाजेपर्यंत जागचा हलला नाही.